खिचडीवालीचं फिटनेस सर्टिफिकेट

"साहेब, तुमच्या त्या गाडीनं आमच्या शाळेत आग लावली," हेडमास्तर फोनवर म्हणाले.

"आग? खरीखुरी?"

"खरीखुरी असती तर बंबवाल्याले फोन केला असता. तुम्हाले कायले केला असता?"

मी यवतमाळच्या एका दवाखान्यात मनोविकार विभागात सोशल वर्कर आहे. डॉक्टर नाही. हे आधीच सांगतो, कारण नातेवाईकांमध्ये माझी आई मला डॉक्टर म्हणून खपवते. माझं काम सोपं आहे. डॉक्टरांनी डिस्चार्ज दिला की पेशंट आमच्या दारातून बाहेर पडतो. पुढे त्याला गावाजवळच्या आरोग्य केंद्रात औषध मिळालं पाहिजे, आशाताईला तो माहीत पाहिजे, घरच्यांनी त्याला घरात घेतलं पाहिजे. या दारापासून त्या दारापर्यंत माणूस मधे कुठे पडू द्यायचा नाही, एवढंच. ऑफिसात याला 'कोऑर्डिनेशन' म्हणतात. आमचा ड्रायव्हर गजाननभाऊ याला 'पोस्टमनकी' म्हणतो.

हेडमास्तरांचा फोन होता सुमित्राबाईबद्दल. नाव बदललेलं आहे, बाकी काही बदललेलं नाही. ढाणकीच्या अलीकडे एक बंजारा तांडा आहे. तांड्याच्या शाळेत ती पोषण आहाराची खिचडी शिजवते. काही वर्षांपूर्वी तिला आवाज ऐकू यायला लागले होते. आसपास कोणी नसताना माणसं बोलल्यासारखी ऐकू येतात, शिव्या देतात, हुकूम सोडतात. या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात. आमच्या वॉर्डात राहून ती बरी झाली. पुढे तिला महिन्यातून एकदा कमरेत एक इंजेक्शन लागतं. औषध हळूहळू महिनाभर अंगात उतरत राहतं. रोजची गोळी विसरण्याची भानगड नाही.

भानगड दुसरीच होती. इंजेक्शन मिळायचं यवतमाळला. तांड्यावरून उमरखेड, तिथून दुसरी एसटी, महागाव, आर्णी करत यवतमाळ, ओपीडीची लाइन, आणि परत. अख्खा दिवस जायचा. त्या दिवशी खिचडी दुसऱ्या कोणाला तरी करावी लागायची, आणि दुसरं कोणी सापडायचं नाही. म्हणून मी तिच्या जवळच्या आरोग्य केंद्रात गेलो. केंद्राचं नाव सांगत नाही, तिथले डॉक्टर आता माझे मित्र आहेत. तेव्हा नव्हते.

"सायकियाट्रीची केस इथं नको," ते म्हणाले होते. "उद्या अंगावर धावली तर?"

"डॉक्टर, ती रोज हातात पळी घेऊन शाळाभर पोरांच्या मधे उभी असते. ज्यांना दुसऱ्यांदा वाढलं नाही, ती पोरंच तिच्या अंगावर धावतात."

"पण काही रिअ‍ॅक्शन आली तर जबाबदार कोण?"

"आमच्या दवाखान्यातल्या मॅडमचा फोन नंबर. आणि मी."

"तुम्ही कोण?"

हा प्रश्न मला माझे सासरेही विचारतात. मी जिद्दीला पेटलो. इतक्या वेळा त्यांच्या दारात जाऊन बसलो की तिथली नर्स मला पेशंट समजून केसपेपर काढायला सांगू लागली. शेवटी डॉक्टर वैतागून हो म्हणाले. सुमित्राबाई बाजाराच्या दिवशी येणार, बीपी-शुगरवाल्यांच्या रांगेत बसणार, इंजेक्शन घेणार, भाजीची पिशवी उचलून घरी जाणार. कोणाला काही कळायचं कारण नाही. हे असं छान चाललं होतं. मोडलं ते मी.

आता त्या गाडीबद्दल. आम्हाला फिरतीसाठी जीप मिळाली तेव्हा तिच्यावर काय लिहायचं, यावर ऑफिसात मीटिंग झाली. बाकी सगळे म्हणाले, बारीक अक्षरात विभागाचं नाव टाकू. मी उभा राहून भाषण ठोकलं. आपणच लपवत राहिलो तर लोक काय करणार? टीबीच्या गाडीवर टीबी लिहितात, मग आपल्याला लाज कसली? भाषण एवढं रंगलं की जीपच्या दोन्ही बाजूंना, लांबून वाचता येईल अशा लाल अक्षरांत लिहिलं गेलं: 'वेडेपणा नव्हे, मनाचा आजार! उपचार घ्या!' वर कर्णा बसवला. त्यात माझ्याच आवाजातलं रेकॉर्डिंग: "बंधू-भगिनींनो, मनाचा आजार लपवू नका..."

गजाननभाऊनं रंग वाळल्यावर गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाला, "साहेब, यातला 'वेडेपणा' तेवढा लांबून दिसते. 'नव्हे' दिसत नाही."

मी म्हटलं, "तुम्ही गाडी चालवा."

त्या श्रावणात एका बाजाराच्या दिवशी सुमित्राबाई आली नाही. नर्सनं मला कळवलं. इंजेक्शन चुकलं की पुढे काय होतं ते आम्हाला पाठ असतं. औषध अंगातून उतरतं, आवाज परत येतात, आणि मग सगळं पहिल्यापासून. मी तिला फोन लावला, बंद. लगेच निष्कर्ष काढला: ड्रॉप-आउट. म्हणजे उपचार अर्धवट सोडलेला पेशंट. माझ्या एवढ्या मेहनतीची केस आणि ड्रॉप-आउट? आशाताईला एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण हिरो लोक फोन करत नाहीत, जीप काढतात.

तांड्यावर त्या दिवशी तीज होती. मला माहीत नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं जिल्ह्यात काढूनही माहीत नव्हतं, हे कबूल करतो. तीज हा तांड्यातल्या कुमारिकांचा सण. पोरी टोपल्यांत गहू पेरतात, त्याला पाणी घालतात, गाणी म्हणतात, आणि शेवटच्या दिवशी ते हिरवे कोंब वाजतगाजत पाण्यात सोडतात. लेकी, जावई, पाहुणे, सगळे तांड्यात जमतात. सुमित्राबाईच्या लेकीची त्या वर्षी पहिलीच टोपली होती. कोणती आई ते सोडून बाजारात इंजेक्शन घ्यायला जाईल? ती पुढच्या आठवड्यात जाणारच होती.

आमची जीप तांड्याच्या मधोमध थांबली. बाया फेर धरून नाचत होत्या. डफ वाजत होता. त्यात गजाननभाऊनं गाडी थांबवताना कर्ण्याचं बटण दाबलं गेलं, ते अडकलं, आणि वरून माझंच रेकॉर्डिंग गरजलं: "बंधू-भगिनींनो, मनाचा आजार लपवू नका!"

डफ थांबला.

अख्खा तांडा लाल अक्षरांकडे पाहत होता. मी खिडकीतून डोकं काढलं. आणि शुद्ध, स्पष्ट, प्रमाण मराठीत विचारलं, "सुमित्राबाई कुठे राहतात? त्यांचं इंजेक्शन राहिलं आहे."

फेरातून एक बाई बाहेर आली. सुमित्राबाईच होती. गाडीजवळ येऊन हळूच म्हणाली, "भिया, तुमी जा इथून." भिया म्हणजे भाऊ. एवढं झाल्यावरही तिनं मला भाऊच म्हटलं, हे मला परतीच्या वाटेवर सगळ्यात जास्त लागलं. आर्णीला चहा पिताना गजाननभाऊ म्हणाला, "आज 'नव्हे' दिसलं नाही कोणाले."

आग लागली ती ही.

पाहुण्यांमधल्या कोणीतरी विचारलं, ही बाई शाळेत रांधते ना? तिथून गोष्ट पेटली. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष उत्तम. तो सुमित्राबाईचा चुलत दीरच. त्यानं हेडमास्तरांना सांगितलं, सोमवारी सभा घ्या. पोरांच्या जेवणाचा प्रश्न आहे. दवाखान्याचं सर्टिफिकेट आणलं तर ठीक, नाही तर दुसरी बाई ठेवू.

"आणि सुमित्राबाई काय म्हणतात?" मी हेडमास्तरांना विचारलं.

"काही नाई म्हणत. खिचडी करून राह्यली. पण आशाताई सांगत होती, इंजेक्शनाचं नाव काढलं तर म्हणते, आता त्या दवाखान्याचं तोंड पाहत नाई."

म्हणजे माझ्या एका फेरीत बाईचं काम जाणार होतं, आणि त्याच रागात उपचारही. कोऑर्डिनेशन!

मी मॅडमकडे गेलो. मॅडम म्हणजे आमच्या मनोविकारतज्ज्ञ. माझ्यापेक्षा वयानं लहान, पण समोर उभं राहिलं की आपला गृहपाठ राहिलाय असं वाटतं.

"मॅडम, एक फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. ही बाई स्वयंपाक करायला फिट आहे, असं."

"कोणी मागितलं?"

"शाळेच्या समितीनं."

"वसंतराव, समितीला हक्क काय? ती नीट काम करते की नाही, हे समितीला रोज दिसतं. आज मी हिला दिलं, तर उद्या जिल्ह्यातल्या प्रत्येक पेशंटकडे लोक कागद मागतील. शेतात जायला सर्टिफिकेट, लग्नाला सर्टिफिकेट, एसटीत बसायला सर्टिफिकेट."

"मॅडम, तत्त्व बरोबर आहे. पण सोमवारी तिचं काम जाईल."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही तिच्यासाठी मागताय, की तुमच्या गाडीसाठी?"

मी छताकडे पाहिलं. छताला पंखा होता. चालू होता.

मॅडमनी शेवटी लिहून दिलं आणि पाकीट बंद केलं. "हे तिच्याच हातात द्यायचं. समितीच्या नाही. ते कोणाला दाखवायचं की नाही, हे ती ठरवेल. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. मनात मात्र माझी सभा सुरू झाली होती. मी पाकीट उघडतो, वाचून दाखवतो, उत्तमचं तोंड उतरतं, लोक टाळ्या वाजवतात. माझ्या कल्पनेत लोक नेहमी टाळ्या वाजवतात.

सोमवारी आम्ही तीच जीप घेऊन निघालो. दुसरी गाडी नव्हती. कर्ण्याची वायर मी स्वतः काढली. शाळेच्या अलीकडे, वळणावर, बाभळीमागे गाडी लावायला सांगितली.

"एवढी मोठी अक्षरं बाभळीमागं मावत नाईत साहेब," गजाननभाऊ म्हणाला. पण लावली.

शाळेच्या मागे पत्र्याची स्वयंपाकखोली आहे. गॅसचं सिलिंडर संपलेलं, म्हणून त्या दिवशी चूल पेटवली होती. मोठ्या पातेल्यात खिचडी रटरटत होती. सुमित्राबाईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत पळी फिरवू लागली.

"सुमित्राबाई, माझं चुकलं."

"चुकलंच. माह्या पोरीच्या टोपलीकडं कोनी पाह्यलं नाई. सारे मलेच पाहत होते."

मी पाकीट पुढे केलं. "मॅडमनी दिलंय. तुम्ही कामाला एकदम योग्य आहात, असं लिहिलंय. हे दाखवलं की प्रश्न मिटला."

तिनं पदराला हात पुसले, कागद काढला, ओठ हलवत सावकाश वाचला. तेवढ्यात समितीची मंडळी व्हरांड्यातून तिकडेच आली. पुढे उत्तम, मागे हेडमास्तर, दोन-तीन बाया, काही बापे.

"वहिनी, आणला का कागद साहेबानं?" उत्तमनं हात पुढे केला. "द्या. फाइलले लावू. माहं काही वैर नाई तुमच्याशी."

"तुह्याजवळ हाये का असा कागद?" तिनं विचारलं.

"मले कायले लागते?"

"मंग मले कायले लागते?"

"तसं नाई वहिनी. तुमी दवाखान्यात होत्या..."

"होती. आजारी होती, दवाखान्यात गेलती, बरी झाली, घरी आली. तुहा भाऊ काविळीनं दवाखान्यात होता. त्याले मागितला कागद? तो तर दूध घालते साऱ्या तांड्यात."

आणि तिनं तो कागद घडी घालून चुलीत टाकला.

मी 'अहो' म्हणेपर्यंत मॅडमची सही जळली होती. माझी टाळ्यांची सभाही तिच्याबरोबर गेली.

"झालं," ती म्हणाली. "आता ज्याले मले काढाचं असन त्यानं तसंच काढा. डाळ शिजली का नाई, ते इचारा. माहं डोकं शिजलं का नाई, ते इचारू नका."

खरं सांगतो, पहिल्यांदा मला तिचाच राग आला. एवढा खटाटोप करून आणलेला कागद! मग मॅडमचा प्रश्न आठवला, आणि लक्षात आलं की या चुलीत माझ्या गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट जळतंय. तिला त्याची गरजच नव्हती. मग मात्र मला चेव आला.

"हेडमास्तर, ठरावाचं रजिस्टर आणा," मी म्हटलं. "अध्यक्ष म्हणतात तसं करू. बाईंना काढू. पण तोंडी नको, कारण लिहा. 'ही बाई आजारी होती आणि बरी झाली, म्हणून कामावरून काढण्यात येत आहे.' खाली सगळ्यांच्या सह्या. असं काढता येत नाही, असा कायदा आहे. पण तुमची इच्छा असेल तर माझी ना नाही. ठरावाची नक्कल मला द्या, मी वर पोचवतो."

"वर म्हंजे?" एका बाप्यानं विचारलं.

"वर म्हणजे वर." खरं तर मलाही नक्की माहीत नव्हतं. पण सरकारी कामात 'वर' हा शब्द पुरतो.

हेडमास्तरांनी पेन काढलं आणि टोपण न उघडता हातात धरून ठेवलं.

"आणि दुसरा ठराव," मला आता थांबवणं अवघड होतं. "पोरांच्या सुरक्षेसाठी शाळेच्या आवारात येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची तपासणी. गाडी बाहेर आहे. अध्यक्षांपासून सुरू करू, मग हेडमास्तर."

"माहं काहून?" हेडमास्तर दचकले.

मागून समितीतली एक म्हातारी सदस्य, लीलाबाई, म्हणाली, "उत्तम, जाय ना बाप्पा. पोळ्याच्या दिवशी तू बैल सोडून सोताच्याच गळ्यात घुंगरमाळ घातलती. तवा तुहं डोकं कोन तपासलं?"

"काकी, तवा मी जरा घेतलेला होता!"

"म्हनूनच म्हन्लं. घेऊन शाळेत येते त्याले कागद नाई लागत, अन् हे बिचारी शुद्धीत रांधते तर हिले लागते!"

बाया हसल्या. मग बापे हसले. उत्तम हसला नाही, पण त्याचा पुढे केलेला हात खाली गेला.

इतक्यात घंटा झाली. पोट्टे ताटल्या वाजवत रांगेत बसले. आता इथे एक नियम आहे, तो सांगितला पाहिजे. पोषण आहार पोरांना वाढण्याआधी मोठ्या माणसानं चाखायचा असतो. गुरुजी, नाही तर पालकांपैकी कोणी. चाखल्याशिवाय पंगत बसवायची नाही. हेडमास्तरांनी उत्तमकडे पाहिलं. "आज अध्यक्षांनीच चाखावं. तक्रार त्याइचीच होती."

सुमित्राबाईनं एका ताटलीत खिचडी घेतली आणि त्याच्या समोर धरली. सगळी शाळा पाहत होती. न चाखावं तर पोरं उपाशी, आणि त्यात त्याचीही दोन. चाखावं तर सभा संपली.

उत्तमनं घास घेतला. चावला. गिळला. सगळे थांबले.

"मीठ कमी हाये," तो म्हणाला.

"कमी नाई," सुमित्राबाई म्हणाली. "तुह्या घरी खारट करते, तुही जीभ बिघडली. सर बाजूले, पोट्ट्याइले वाढू दे."

तो बाजूला सरला. ठरावाचं रजिस्टर कोणी आणलंच नाही.

भांडी घासून झाल्यावर ती माझ्याकडे आली. "भिया, इंजेक्शन राह्यलं ना माहं?"

"हो. आता एसटीनं..."

"गाडी कुठं हाये तुही?"

मी बाभळीकडे बोट दाखवलं. ती पाहतच राहिली. "तिथं काहून लपवली? तीजेले तर मधात आणलती."

ती चालत गेली आणि पुढच्या सीटवर, गजाननभाऊच्या शेजारी बसली. मी मागे. तांड्याच्या बाहेरून जाणारा रस्ता होता. ती म्हणाली, "मधून घे." गजाननभाऊनं मधून घेतली. नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या घरासमोर, जिथं तीजेच्या दिवशी डफ थांबला होता, तिथं तिनं गाडी हळू करायला लावली.

"ते तुहं भाषण लाव ना."

"वायर काढलीये," मी म्हटलं.

"तवा लागलं आपोआप, अन् आता वायर काढली!" तिनं खिडकीची काच पूर्ण खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि रस्त्यानं दिसेल त्याला स्वतःच सांगत सुटली, "इंजेक्शन घ्याले चाल्ली! काही आणाचं हाये का बाजारातून?" दोघी-तिघींनी खरंच सामान सांगितलं. आरोग्य केंद्रातून येताना आमच्या जीपमध्ये कोथिंबीर, साबण आणि कोणाची तरी दुरुस्त करून आणलेली छत्री होती.

ती अजून खिचडी करते. इंजेक्शन एकदाही चुकलेलं नाही. अक्षरं पुसायचं मी ऑफिसात सुचवलं होतं. मॅडम म्हणाल्या, आधी विचारा. मी सुमित्राबाईला विचारलं. ती म्हणाली, "राहू द्या. 'नव्हे' तेवढं मोठं करा." आम्ही केलं. आता मी प्रत्येक पेशंटला डिस्चार्जच्या वेळीच विचारतो, गाडी दारात आणू, का बाजारात भेटू? बहुतेक जण बाजार म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. लपायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं. मी भाषण करून नाही.

आणि सर्टिफिकेट मागायला आलेल्यांना आता मी एकच सांगतो. माणूस बरा झाला हे कागदावर दिसत नाही. त्याच्या डोक्याची चौकशी बंद होऊन लोक त्याच्या मिठाला नावं ठेवू लागले, की समजायचं, बरा झाला.

त्या दिवशी पोरांनंतर मीही ती खिचडी खाल्ली होती, मीठ खरंच कमी होतं. पण हे मी अजून सुमित्राबाईला सांगितलेलं नाही. मी चुका करतो, वेडेपणा नाही करत.